रोजचे धर्मांतर

‘धर्मांतर’ हा शब्द कानी पडला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. त्यात एक तारीख असते, घरी डोळे पुसणारी माणसे असतात आणि गावभर चाललेली कुजबुज असते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे ही घटना आपल्याला आपल्याच कुटुंबात घडल्यासारखी वाटते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा, इंग्लंडात वाँटेज येथे झालेला. परंतु या तारखांच्या पुढे काय झाले, हे आपण सहसा विचारीत नाही. धर्म बदलला म्हणजे गोष्ट संपली, असेच आपण धरून चालतो.

रमाबाईंची गोष्ट तशी संपली नाही. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे, की बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊन गेल्यावर, १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला असला तरी ख्रिस्त मिळालेला नाही, हे त्यांना कळून चुकले. त्या वेळी त्यांचे शारदा सदन मुंबईहून नुकतेच पुण्यास आले होते. म्हणजे बाईंचे खरे मन पालटले ते इंग्लंडात नव्हे, तर आपल्या या पुण्यात. लक्ष्मीबाईंचेही तसेच. यजमानांनंतर पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण सोवळ्याओवळ्याची गाठ त्याआधीच एका क्षणी मनातून सुटली होती, आणि स्वभावाच्या इतर गाठी पुढे कितीतरी वर्षे सुटत राहिल्या.

रमाबाई आणि टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट. मला आज लिहावयाचे आहे ते कॅथलिकांविषयी. कारण मन पुनःपुन्हा पालटण्याची ही गोष्ट त्यांनी एकट्यादुकट्याच्या अनुभवावर सोडून दिली नाही, तिची वर्षभराची शिस्त बसवून टाकली आहे. पुण्यातील बहुतेक कॅथलिकांनी आयुष्यात कधी धर्म बदललेला नाही. त्यांचे आईबाप कॅथलिक, आजोबापणजोबा कॅथलिक. तान्हे असतानाच त्यांच्या माथ्यावर पाणी पडलेले असते. आणि तरीही दरवर्षी वेदीवरून त्यांना सांगण्यात येते, की मागे फिरा, मन पालटा. हे सांगणे बाहेरच्या हिंदूला किंवा मुसलमानाला उद्देशून नसते. समोरच्या बाकावर बसलेल्या त्या जन्मजात कॅथलिक गृहस्थालाच ते सांगितलेले असते.

एक शब्द, तीन अर्थ

भाषेच्या शिक्षकाला शब्दापाशी थांबण्याची खोड असते, ती वाचकांनी चालवून घ्यावी. मराठी बायबलात जेथे ‘पश्चात्ताप’ असा शब्द येतो, तेथे मूळ ग्रीकात ‘मेटानोइया’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ मन बदलणे. त्याच्याही मागे जो जुना हिब्रू शब्द आहे, त्याचा अर्थ माघारी फिरणे, चुकलेल्या वाटेवरून घराकडे वळणे. आपला ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारा ताप. त्यात झाल्या गोष्टीचे दुःख आहे, पण पुढे कोणीकडे जावयाचे ते त्यात नाही. आपला साधा ‘पालट’ हा शब्द मला येथे अधिक जवळचा वाटतो.

कॅथलिक ज्याला पापनिवेदन म्हणतात, त्या संस्काराचे एक मराठी नाव ‘प्रायश्चित्त संस्कार’ असे आहे. ‘प्रायश्चित्त’ म्हटले की पुणेकराला पंचहौद मिशनमधला चहा आठवल्याशिवाय राहत नाही! ४ ऑक्टोबर १८९० रोजी तेथे जमलेल्या मंडळींपुढे चहाबिस्किटे आली, गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावे छापवून आणली आणि केवढा गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादातून सुटका मिळाली नाही. त्या प्रायश्चित्ताचा हेतू समाजात परत घेतले जाणे हा होता. विधी झाला, वाद मिटला. चहा पिणाऱ्याचे मन पालटावे अशी अपेक्षा कोणीच केली नव्हती, आणि ते पालटलेही नाही.

कॅथलिकांचे प्रायश्चित्त याहून वेगळे आहे, निदान वेगळे असावे अशी त्यांची अपेक्षा आहे. प्रथम आपले आपण मन तपासावयाचे. मग झाल्याबद्दल खंत वाटली पाहिजे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय झाला पाहिजे. त्यानंतर धर्मगुरूपाशी जाऊन तोंडाने पाप सांगावयाचे. तो क्षमेचे शब्द उच्चारतो आणि काही प्रार्थना किंवा भरपाई नेमून देतो. ऐकलेले पाप धर्मगुरूने प्राण गेला तरी कोणाला सांगावयाचे नाही, असा कडक नियम आहे. निदान वर्षातून एकदा तरी हे करावे, असे १२१५ सालच्या लॅटेरन धर्मपरिषदेने ठरविले. माणूस एकदा धुतला की कायमचा स्वच्छ राहतो, असा भाबडेपणा या पंथाने कधी बाळगला नाही. चौथ्या शतकातील मिलानचे बिशप संत अँब्रोज यांचे सांगणे असे, की ख्रिस्तसभेपाशी दोन प्रकारचे जल आहे: एक बाप्तिस्म्याचे आणि दुसरे डोळ्यांतले. पहिले आयुष्यात एकदाच मिळते. दुसरे जन्मभर लागते.

राखेपासून मेणबत्तीपर्यंत

नाना पेठेत, क्वार्टर गेटाजवळ, ‘सिटी चर्च’ नावाने ओळखले जाणारे निष्कलंक मातेचे चर्च आहे. पुण्यातले हे सर्वांत जुने कॅथलिक चर्च. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, पेशव्यांनी ही जागा दिली. ज्या चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली, त्यांच्याच घराण्याने अर्ध्या शतकानंतर चर्चला जागा द्यावी, हा इतिहास पुणेकरांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे इंग्रजी लष्करातील आयरिश सोल्जरांसाठी १८५० साली सेंट पॅट्रिक्स चर्च झाले, आणि १८८६ साली पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

अशा कुठल्याही चर्चमध्ये भस्म बुधवारी गेले, तर कपाळावर राखेची खूण करून घेण्यासाठी रांग लागलेली दिसते. ही राख कोठून येते? आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, येशूच्या जेरुसलेमप्रवेशाची आठवण म्हणून, ज्या झावळ्या हातात धरून मिरविलेल्या असतात, त्याच वाळवून जाळतात आणि त्यांची राख करतात. गेल्या वर्षीच्या जयघोषाचीच राख यंदा कपाळी लागते. माणसाच्या उत्साहाचे काय होते, हे याहून नेमके कोणी दाखविले असेल असे मला वाटत नाही.

मग चाळीस दिवसांचा उपवासकाळ. त्यात उपवास, प्रार्थना आणि दानधर्म या तीन गोष्टी सांगितलेल्या असतात. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने करावयाची. आणि शेवटी ईस्टरच्या आदल्या रात्री अंधारात नवा अग्नी पेटवितात, त्यावरून मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावरून एकमेकांच्या मेणबत्त्या पेटत जातात आणि सारे देवालय उजळते. त्या उजेडात सगळी मंडळी बाप्तिस्म्याच्या वेळची वचने स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारतात. तान्हेपणी ही वचने आईबापांनी आणि धर्ममातापित्यांनी दिलेली असतात. म्हणजे वाडवडिलांकडून आलेली श्रद्धा दरवर्षी एकदा स्वतःच्या नावावर करून घ्यावयाची, असा हा बेत आहे. ज्या वारकऱ्याच्या घराण्यात वारी आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. आजोबा पंढरपुराला गेले म्हणून नातवाची वारी होत नाही. गेल्या वर्षीची वारीही यंदा कामाला येत नाही.

तोफेचा गोळा आणि तीस दिवस

कॅलेंडरातली शिस्त ती अशी. पण कॅलेंडर पाळूनही मन जागचे हलत नाही, हा अनुभव सर्वच धर्मांतला आहे. यासाठी सोळाव्या शतकातील एका स्पॅनिश सैनिकाने जी तोड काढली, तिचे पुण्याशी नाते आहे.

इग्नेशियस लोयोला हा मानापमानाच्या कल्पनांनी भारलेला तरुण २० मे १५२१ रोजी पँप्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने जायबंदी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या शौर्याच्या कादंबऱ्या मागितल्या, तर घरात त्या नव्हत्याच. मिळाले ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. ती वाचता वाचता त्याला एक गोष्ट उमगली. दरबारी पराक्रमाची स्वप्ने पाहताना मजा वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगावे असे मनात आले, की तो गोडवा मागाहूनही टिकून राही. आपल्याच मनाच्या या चढउतारांवर लक्ष ठेवून त्याने पुढे मानरेसा येथे आपल्या ‘आध्यात्मिक साधने’ची आखणी केली. ही साधना चार टप्प्यांची, साधारण तीस दिवसांची, बहुतांशी मौनाची. शिवाय रोजच्या रोज थांबून दिवसाचा झाडा घ्यावयाचा: आज देवाची कृपा कोठे जाणवली, मी कोठे घसरलो, उद्या काय सुधारावयाचे. दुकानदार दिवसाची खतावणी बघतो, तशी ही मनाची खतावणी. हा जन्माने कॅथलिकच होता, हे ध्यानात घ्या. त्याने धर्म बदलला नाही. धर्माने त्याला बदलले. आणि तेही एका झटक्यात नव्हे. तिशी उलटल्यावर तो बार्सेलोनात पोराटोरांच्या शेजारी बसून लॅटिन व्याकरण शिकला!

त्याने स्थापन केलेल्या येशूसंघाची साधना आज नगर रस्त्यावर रामवाडीला चालू आहे. कँडीला १८९३ साली निघालेली पेपल सेमिनरी १९५५ साली पुण्यास आली. तेथील तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकविणाऱ्या विद्यापीठाला पुढे ‘ज्ञानदीप’ असे नाव मिळाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले तरुण येथे वर्षानुवर्षे अभ्यास करून धर्मगुरू होतात. एका बाप्तिस्म्याने भागत असते, तर एवढ्या वर्षांच्या तालमीची गरज कोणाला भासली असती?

मातृभाषेत मुरणारी श्रद्धा

आता थोडे मागे जाऊ, गोव्यात. कारण मराठीच्या इतिहासात या प्रश्नाला पहिल्यांदा हात घातला तो तेथे. १५६७ साली साष्टीतली देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली. ज्या भागात सत्तेचा एवढा दाब होता, तेथल्या बाप्तिस्म्यांत मनापासूनचे किती आणि नाइलाजाचे किती, हे कोण सांगणार? ऑक्टोबर १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेसुइट गोव्यात उतरला. तो स्वतः अशा देशातून आला होता, जेथे त्या काळी कॅथलिक राहणे धोक्याचे होते. साष्टीच्या माणसांत राहताना त्याने ओळखले, की या लोकांची पुराणे गेली आणि त्यांच्या जागी काहीच आले नाही. नाव बदलले, पण मनाला खाद्य नाही. त्याने इथल्याच ओवीत, इथल्याच शब्दांत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. मराठी भाषेवर या परदेशी माणसाने केलेले प्रेम आपण शाळेपासून ऐकतो. पण ग्रंथामागची त्याची खटपट अशी होती, की बाप्तिस्मा झालेल्यांचे धर्मांतर अजून व्हावयाचे आहे, आणि ते त्यांच्या आईच्या भाषेवाचून होणार नाही.

तरी मिस्सा लॅटिनमध्येच राहिली, ती जवळजवळ साडेतीनशे वर्षे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) लोकभाषांना वेदीवर जागा दिली आणि मग मराठीत मिस्सा सुरू झाली. वसईत १९५५ पासून ‘सुवार्ता’ मासिक निघू लागले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात त्याचे संपादन करून ते ख्रिस्ती समाजाच्या बाहेरही पोहोचविले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा मराठी वाचकाला आपला माणूस गेल्यासारखे वाटले. २००९ ते २०२३ या काळात पुण्याचे बिशप असलेले थॉमस डाबरे हेही वसईचेच. त्यांचा तुकारामांच्या ईश्वरानुभवावरील प्रबंध १९८७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. देहूच्या वाण्याच्या अंतःकरणात काय चालले होते, हे एका कॅथलिक धर्मगुरूने समजून घ्यावे, आणि त्यामुळे त्याची स्वतःची श्रद्धा उणी न होता अधिक खोल व्हावी, ही गोष्ट स्टीफन्सच्या वेळी कोणी कल्पिली नसती.

शेजारधर्माच्या सहवासात

या बाबतीत पुण्याने जे पाहिले, ते थोड्या गावांनी पाहिले असेल. मॅथ्यू लेदर्ले या जर्मन जेसुइटाने शनिवार पेठेत, म्हणजे ऐन हिंदू वस्तीत, ‘स्नेहसदन’ उभे केले आणि १९७६ साली आधुनिक महाराष्ट्रातील विचारप्रवाहांवर ग्रंथ लिहिला. बेल्जियमचे रिचर्ड डी स्मेट रामवाडीला शिकवीत, आणि त्यांचा आयुष्यभराचा विषय होता शंकराचार्य. शिवाजीनगरातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाची कथा आणखी वेगळी. अँग्लिकन पंथाच्या जॅक विन्स्लो यांनी सुरू केलेला हा आश्रम पुढे ओस पडला होता. १९७२ साली कॅथलिक सेक्रेड हार्ट संघाच्या आणि अँग्लिकन पंथाच्या वाँटेज संघाच्या भगिनींनी मिळून तो पुन्हा उघडला. वाँटेज म्हणजे तेच, जेथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला होता!

या आश्रमातल्या दोघी स्त्रिया विशेष लक्षात राहतात. वंदना माताजी पारशी घराण्यात जन्मल्या, तरुणपणी कॅथलिक झाल्या, संन्यस्त भगिनी झाल्या आणि पुढे हिमालयाच्या पायथ्याशी आश्रमजीवन जगल्या. त्यांच्या धर्मांतराची तारीख एकच, पण प्रवास कितीतरी लांबचा. दुसऱ्या सारा ग्रँट. या स्कॉटिश विदुषी १९५६ साली भारतात आल्या, मुंबईच्या सोफिया कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागल्या, शांकर वेदान्तावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि पुढे पुण्याच्या आश्रमात राहिल्या. त्यांनी धर्म कधीच बदलला नाही. परंतु आपल्या पुस्तकाच्या शीर्षकात त्यांनी स्वतःला ‘अद्वैती ख्रिस्ती’ म्हणवून घेतले. आचार्यांच्या वाचनाने मी ख्रिस्तापासून दूर गेले नाही, उलट अधिक जवळ आले, हे त्यांच्या लेखनाचे सार.

यावर दोन्ही बाजूंनी शंका घेतल्या गेल्या, हेही सांगितले पाहिजे. कित्येक कॅथलिकांना हा भेसळीचा प्रकार वाटला. कित्येक हिंदूंना वाटले, की भगवी वस्त्रे, आरती, उपनिषदे हे सारे गळ टाकण्याचे नवे आमिष असावे. साष्टीचा इतिहास ठाऊक असणाऱ्याने अशी शंका घेतली, तर त्याला दोष देता येत नाही. पण १९६५ च्या डिसेंबरात व्हॅटिकन परिषदेने श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये असे जाहीर केले, आणि १२ मार्च २००० रोजी रोममध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी, सत्याच्या नावाखाली ख्रिस्ती माणसांनी वापरलेल्या बळजबरीबद्दल, देवाकडे जाहीर क्षमा मागितली. साडेचारशे वर्षांपूर्वीची कृत्ये ‘झाले गेले’ म्हणून सोडून न देता पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहणे, हाही पालटच.

न पालटलेली जागा

सगळेच पालटले असे मात्र नाही. बाप्तिस्म्याचे पाणी माथ्यावर पडले, पण ते जातीपर्यंत पोहोचले नाही. गोव्यात धर्मांतरानंतरही बामण आणि चाडी हे भेद पिढ्यानुपिढ्या राहिले. दलित ख्रिस्ती माणसाची तर दोन्हीकडून अडवणूक. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर त्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. आणि ज्या समाजात तो गेला, तेथेही त्याची जात विसरली जात नाही. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे आपले धोरण प्रसिद्ध केले, त्यात ख्रिस्तसभेच्या आत भेदभाव अजून आहे, हे स्वच्छ मान्य केले. चारशे वर्षांहून अधिक काळ उपवास झाले, राख लागली, वचने उच्चारली, आणि एक जागा तशीच राहिली.

मग या सगळ्या शिस्तीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. मला वाटते, उपयोग आहे. जो समाज ‘आमचे पालटणे पूर्ण झाले’ असे मानतो, तो असे मान्य करणारा कागद काढीत नाही. दरवर्षी ‘मी चुकलो’ म्हणावयाची सवय ज्याला असते, त्याच्या तोंडून निदान हे वाक्य निघू शकते. पुढे कृती होईल की नाही, हे मात्र रांगेतल्या प्रत्येकाने आपल्यापुरते ठरवावयाचे.

आपण हिंदू घरांतली मंडळी, आपला याच्याशी काय संबंध, असे मात्र कोणी म्हणू नये. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे नवी केरसुणी आणून, तिला हळदकुंकू वाहून पूजा करतात. मागच्या दिवाळीला घर लख्ख झाडले होते, म्हणून यंदा कोणी केरसुणी कोपऱ्यात ठेवीत नाही. धूळ रोज येते, म्हणून झाडणे रोज. नाना पेठेतल्या बाकावर बसलेला तो गृहस्थ दरवर्षी राख लावून घेतो, तेव्हा याहून वेगळे काही म्हणत नसतो. त्याच्या पूर्वजांनी धर्म केव्हा बदलला, का बदलला, यावर आपण पुष्कळ भांडलो. यापुढे कधी त्याच्याशी गाठ पडली, तर यंदाच्या उपवासकाळात तुमच्यात काय पालटले, असे विचारून पहावे. तो आपल्यालाही तेच विचारील, आणि तेव्हा आपल्यापाशी उत्तर असावे, एवढी तयारी मात्र ठेवावी.